कुर्ता मागून फाटला होता

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही संत तुकाराम नगरात आपाच्या घरी पोहोचलो, तेव्हा दुल्हाभाई पलंगावर बसून एका पुस्तकाला खाकी कव्हर घालत होते. शेजारी कात्री, डिंकाची बाटली. शाळेच्या दिवसांत जून महिन्यात घरोघरी चालायचा तसा उद्योग. पण घरात शाळेत जाणारे आता कुणी उरलेले नाही. धाकटा आयटीआयला आहे आणि थोरली एम.ए.ला.

"कुणाचं पुस्तक?" आम्ही विचारले.

"तुमच्या भाचीचं. नाव वाचा." त्यांनी पुस्तक पुढे केले. पुस्तकाचे नाव होते 'द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट'. लेखक मोहसिन हमीद.

"रोज मेट्रोने जाते," दुल्हाभाई म्हणाले. "स्टेशनात पिशवी मशीनमधून जाते. कुणी उघडून बघितली तर? आधी पोरीचं नाव बघतील, मग पुस्तकाचं नाव बघतील. समजावून सांगायला मी तिथे असणार आहे का?"

आम्हाला हसू आले नाही. ज्यांना येईल त्यांनी स्वतःच्या मुलीला असे पुस्तक घेऊन सकाळच्या गर्दीत पाठवून पाहावे. भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर उमेदीची सगळी वर्षे घातलेला माणूस. मुलीला शिकवायचे हे त्यांनी स्वतः ठरवलेले, फी त्यांनी भरलेली. पण ती शिकते काय, हे त्या दिवशी त्यांच्या हातात पहिल्यांदा आले होते, आणि ते असे नाव घेऊन.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मामू, तुम्हीच सांगा ना अब्बांना. अभ्यासाला लावलंय हे."

अभ्यास म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे, कारण आमच्या पुष्कळ घरांत एम.ए. इंग्रजी म्हणजे व्याकरण आणि फाडफाड बोलणे अशीच समजूत आहे. भाचीला एक पेपर आहे तो आजच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा. प्राध्यापक व्याख्यान देतात आणि मुले उतरवून घेतात, असा हा तास नसतो. त्याला सेमिनार म्हणतात. पंधरा-वीस मुले गोल बसतात. एकाने कादंबरीवर निबंध लिहून आणायचा, वाचून दाखवायचा, मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. नियम एकच: जे म्हणाल ते पुस्तकात कुठे आहे ते पानावर बोट ठेवून दाखवा. आपल्या उलेमांच्या परंपरेत कुणी हदीस सांगितली की विचारतात, सनद कुठली? कुणाकडून ऐकली? ते फारच वरचे काम, त्याच्याशी कादंबरीची बरोबरी नाही. पण पुराव्याशिवाय तोंड उघडू नये, ही शिस्त आपल्या घराला परकी नाही एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

तर मोहसिन हमीद यांची कादंबरी. लेखक लाहोरचे, पुस्तक २००७ सालचे, त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होते. चंगेज नावाचा पाकिस्तानी तरुण अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकतो आणि न्यूयॉर्कच्या एका बड्या कंपनीत लागतो. कंपनीचे काम दुसऱ्या कंपन्यांची किंमत ठरवायचे. तिथे त्याला शिकवतात की माणसांकडे, त्यांच्या संसाराकडे बघू नको, 'फंडामेंटल्स'कडे बघ, म्हणजे नफ्या-तोट्याच्या मूळ आकड्यांकडे. दुल्हाभाई ज्या शब्दाला कव्हर घालत होते त्याची गंमत इथे आहे. पुस्तकातला पहिला फंडामेंटलिस्ट मशिदीत बसलेला नाही, तो सूट-टाय घालून विमानाने फिरतो आणि कारखाने बंद करण्याचा हिशेब मांडतो. हे भाचीने वडिलांना सांगितले. लेथवर काम केलेल्या माणसाला तो हिशेब कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे व्हीआरएसवाले," ते म्हणाले. तरी कव्हर त्यांनी पुरे केले. आमच्या मते बरोबर केले.

त्या सेमिनारहून भाची आली ती मात्र गप्प होती. दोन दिवसांनी तिने आम्हाला फोन केला. निबंध दुसऱ्या मुलाचा होता. चर्चा सुरू झाली आणि पुस्तकात अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा भाग आला. मग कुणी काही न बोलता एकेक मान तिच्याकडे वळली. वर्गात ती एकटीच मुसलमान. एका मुलीने अगदी प्रेमाने विचारले, "तुला काय वाटतं? म्हणजे तुमच्यात अशा वेळी काय वाटतं?"

"मामू, मला काय वाटणार? मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मी लाहोर पाहिलं नाही, न्यूयॉर्क पाहिलं नाही. मी पिंपरी पाहिली. बाकी सगळ्यांनी पुस्तकावर बोलायचं आणि मी मुसलमानांवर?" मग म्हणाली, "मी हा पेपर बदलते. भाषाशास्त्राचा घेते. तिथे कुणी असं बघत नाही."

ह्या कादंबरीची घडण अशी आहे की चंगेज लाहोरच्या अनारकली बाजारात एका अमेरिकन माणसासमोर बसून आपली कथा सांगतो, आणि तो अमेरिकन सबंध पुस्तकात आपल्या आवाजात एक शब्द बोलत नाही. त्याला चंगेजवर संशय आहे, हे आपल्याला चंगेजच्याच बोलण्यातून कळते. शेवटी कोण कुणाला धोका होता हे लेखक सांगत नाही, ते वाचणाऱ्यावर सोडतो. ज्या पुस्तकाचा विषयच मुळी संशयाने बघणारी नजर हा, ते वाचताना वर्गाने तसेच बघावे आणि कुणाच्या ध्यानातही येऊ नये, ह्याला काय म्हणावे? त्या मुलांचा दुष्टावा नव्हता. प्राध्यापकांनी विषय लगेच पुस्तकाकडे वळवला, असेही भाचीने सांगितले. पण भाची दुखावली ती दुखावलीच.

दुल्हाभाईंना हे कळल्यावर त्यांनी वेगळेच अनुमान काढले. "मी म्हणतच होतो. नावेल वाचायचं एम.ए. कसलं? बी.एड. कर, शाळेत लाग."

नावेल. हा शब्द आमच्या लहानपणी घरात ज्या सुरात उच्चारला जायचा तो सूर वाचकांना आठवत असेल. हे भांडण काही आजचे नाही. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ साली 'मिरातुल उरूस' लिहिले, ते स्वतःच्या मुलींना वाचायला काही हवे म्हणून. अकबरी आणि असगरी ह्या दोन बहिणींची ती कथा. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आले. ते कित्येक घरांत मुलीच्या जहेजमध्ये कुरआन शरीफच्या जोडीने दिले जाई. आमच्या अम्मींनाही मिळाले होते. मुलींना शिकवले पाहिजे ह्यावर त्या ग्रंथाचा कटाक्ष. पण त्यातच वाचू नयेत अशा पुस्तकांची एक यादीही आहे. तीत नावेल आहेत, नजीर अहमदांची पुस्तके आहेत, आणि नवल म्हणजे सूरह यूसुफच्या तफसीरचे पुस्तकही आहे, कारण त्यात कच्च्या आधाराच्या गोष्टी होत्या आणि प्रेमाच्या कथांनी मुलींची मने बिघडतील अशी काळजी होती. मौलानांच्या हेतूबद्दल शंका घेण्याची आमची पात्रता नाही. एवढेच म्हणतो की मुलीच्या हातात कुठले पुस्तक द्यावे हा वाद दुल्हाभाईंच्या पलंगावर सुरू झालेला नाही, तो आपल्या घरात दीडशे वर्षे चालू आहे, आणि दोन्ही बाजूंना मुलींचे भले चिंतणारी माणसे होती.

१९८८ साली लंडनहून आलेल्या एका पुस्तकाने त्या वादाला कडवटपणा आणला. त्याचे नाव आम्ही इथे घेत नाही, ते सर्वांना माहीत आहे. ज्याने दुखावले त्याला दूर ठेवले, ते समजण्यासारखे होते. पण त्या एका पुस्तकापायी आम्ही सगळ्या कपाटालाच कुलूप घातले आणि किल्ली कुठे ठेवली तेही विसरलो. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्यातल्याच माणसांनी इंग्रजीत काय काय लिहिले ह्याचा आपल्याला पत्ता नाही. सुदानच्या लैला अबूलेला यांनी 'मिनारेट' लिहिली, २००५ साली. खार्तूमच्या श्रीमंत घरातली मुलगी लंडनला येऊन मोलकरीण होते आणि तिला आधार मिळतो तो तिथल्या मशिदीतल्या बायकांच्या जमातीत. कमिला शम्सी यांच्या २०१७ सालच्या 'होम फायर'ची सुरुवातच लंडनच्या विमानतळावर होते, हिजाब घातलेल्या मुलीला चौकशीसाठी बसवून ठेवतात आणि तिचे विमान चुकते. दुल्हाभाईंची मेट्रोची भीती आणि ही भीती सख्ख्या बहिणीच. सगळेच असे असते असे नाही. मुसलमान लेखकांचा काही माल सरळ सरळ परदेशी गिऱ्हाइकासाठी भरलेला असतो, त्यात बुरखा, बाँब आणि बापाचा मार ह्यांपलीकडे काही नसते. असेही आम्ही वाचले आहे आणि अर्ध्यावर टाकले आहे.

आम्ही भाचीला म्हणालो, "पेपर बदलायचा तर बदल, पण तुझा निबंध कधी आहे?"

"दिवाळीच्या आधी."

"तो वाच आणि मग बदल. तोवर तू जे पुस्तक घेशील ते आम्हीही वाचतो."

हे बोलून गेलो आणि पस्तावलो. आमचे इंग्रजी मराठी शाळेतले, वर्तमानपत्रापुरते. भाचीने यादीतून अब्दुलरझाक गुरनाह यांची 'पॅराडाइज' निवडली. निवड करताना तिने फार थोर विचार केला नव्हता. पुस्तक बेताचे जाड होते आणि लेखकाला २०२१ चे नोबेल मिळाले होते, म्हणजे ग्रंथालयात प्रत असणार. गुरनाह झांझिबारचे, जन्म १९४८ चा. १९६४ च्या क्रांतीनंतर तिथल्या अरब वंशाच्या लोकांचे हाल झाले तेव्हा देश सोडून ते तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि पुढे केंट विद्यापीठात इंग्रजी शिकवत राहिले. घरची भाषा स्वाहिली, लिहिले इंग्रजीत. 'पॅराडाइज' १९९४ सालची.

रात्री इशाची नमाज झाली की आम्ही शब्दकोश घेऊन बसायचो. रोज चार-पाच पाने. अडले की भाचीला फोन. असे सहा आठवडे गेले.

गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या पूर्व आफ्रिकेतली. यूसुफ बारा वर्षांचा. त्याच्या घरी अधूनमधून एक श्रीमंत सौदागर येतो, अझीझ. त्याला तो अंकल म्हणतो. अंकल जाताना त्याच्या हातात दहा आण्यांचे नाणे ठेवतो. आणे म्हटल्यावर आम्ही थबकलो. त्या किनाऱ्यावर आपल्याकडचे रुपये-आणे कसे चालत आणि आपले व्यापारी तिथे कसे जाऊन बसले होते, हे पुस्तकभर दिसते. एक शीख मेकॅनिकही आहे, कलासिंगा. पठ्ठ्या कुरआनचा स्वाहिली तर्जुमा करण्याच्या गोष्टी करतो आणि मित्र त्याची टर उडवतात. एके दिवशी अंकल अझीझ यूसुफला बरोबर घेऊन जातो. मुलाला वाटते फिरायला चाललो. पुढे दुकानावरचा खलील नावाचा पोऱ्या त्याला सांगतो की तो तुझा कुणी अंकल नाही, तुझ्या बापाने त्याचे कर्ज बुडवले म्हणून तू इथे आहेस, त्याला सैयद म्हण. अशा मुलाला स्वाहिलीत म्हणतात रेहानी.

रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामू, रेहानी म्हणजे रेहन!"

रेहन ठेवणे, गहाण टाकणे. तिच्या दादीच्या तोंडी तो शब्द आहे, कारण दादीच्या सासऱ्याची बार्शीकडची जमीन रेहन पडली ती सुटलीच नाही, आणि म्हणून तर हे कुटुंब पिंपरीला आले. अरबी शब्द तिकडे समुद्र ओलांडून झांझिबारला गेला, इकडे दख्खनीत आला. वर्गातल्या बाकी मुलांना तो शब्द तळटीप लिहून समजून घ्यावा लागणार होता.

पुढे यूसुफ मोठा होतो. देखणा निघतो. सौदागराची थोरली बायको बागेच्या पलीकडे आत राहते, तिच्या चेहऱ्यावर एक व्रण आहे आणि ह्या मुलाच्या हातात शिफा आहे असे तिच्या मनाने घेतलेले आहे. ती त्याला बोलावू लागते. एक दिवस ती त्याला धरायला जाते, तो पळतो आणि त्याचा कुर्ता मागून फाटतो.

वाचकांना आता पुढचे सांगायला नको. पण भाचीने जेव्हा प्राध्यापकांना विषय सांगायच्या आधी टीका-बिका, नोट्स-बिट्स चाळल्या, तेव्हा तिला पुष्कळ ठिकाणी एवढेच आढळले की ही बायबलमधल्या जोसेफची कथा आहे. ते खोटे नाही. पण बायबलच्या उत्पत्ती नावाच्या पुस्तकात, एकोणचाळिसाव्या अध्यायात, जोसेफ आपले वस्त्र त्या बाईच्या हातातच सोडून पळतो. ते वस्त्रच ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवते आणि तो तुरुंगात जातो. कुर्ता मागून फाटणे तिथे नाही. ते सूरह यूसुफमध्ये आहे, जिला अहसनुल कसस म्हणतात, कुरआन शरीफची बारावी सूरह. तिथे घरचाच एक साक्षीदार म्हणतो की कुर्ता पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून फाटला असेल तर हा मुलगा खरा. कपडा तोच. एका ग्रंथात तो आरोपाचा पुरावा होतो, दुसऱ्यात निर्दोषपणाचा. गुरनाहचा यूसुफ आपला कुर्ता मागून फाटलाय हेच सांगतो. शिवाय मालकाचे नाव. बायबलमध्ये तो पोटीफर आहे, कुरआनात अझीझ. कादंबरीतल्या सौदागराचे नाव लेखकाने उगाच ठेवलेले नाही. त्याच्या बायकोचे नाव जुलेखा हे मात्र दोन्ही ग्रंथांत नाही, ते नंतरच्या कथांमधून आले. फारसीत जामी यांनी ती कथा लिहिली, आपल्या दख्खनीत विजापूरच्या आदिलशाहीतले अंध कवी हाश्मी यांनी लिहिली.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर यातले बरेचसे भाचीला मकतबमध्ये मिळालेले नाही. मकतबमध्ये तिने कुरआन नाजिरा पुरा केला, म्हणजे अर्थाशिवाय. गोष्ट मिळाली ती दादीकडून. दादीला लिहिता-वाचता येत नाही. वीज गेली की गच्चीवर चटई टाकून ती नातवंडांना हजरत यूसुफ (अलै.) यांचा किस्सा सांगायची, आणि तिची सांगायची रीत अशी की किस्सा म्हणजे तीन कुर्ते. पहिला कुर्ता भावांनी खोटे रक्त लावून बापाकडे आणला तो. दुसरा मागून फाटला तो. तिसरा यूसुफ (अलै.) यांनी मिसरहून पाठवला, हजरत याकूब (अलै.) यांच्या चेहऱ्यावर टाकला आणि रडून रडून गेलेली नजर परत आली, तो. आम्ही नंतर तफसीर काढून पाहिली. तिन्ही कुर्ते त्या सूरहमध्ये आहेत. दादीने कुठल्या वाअजमध्ये ऐकून ते मनात ठेवले होते, अल्लाह जाणे.

भाचीने निबंध लिहिला तो ह्या तीन कुर्त्यांवर. तिचे म्हणणे थोडक्यात असे: कादंबरीत पहिला कुर्ता नाही, कारण इथे भावांनी मुलाला विहिरीत टाकलेले नाही, बापानेच त्याला कर्जापोटी देऊन टाकले आहे, मग रक्ताचा खोटा कुर्ता दाखवायचा कुणाला? दुसरा कुर्ता आहे. तिसरा नाही. शेवटी जर्मन लष्कर काळ्या शिपायांची फौज घेऊन मुले पकडत येते, आणि यूसुफ लपलेल्या जागेतून बाहेर पडून त्या फौजेच्याच मागे धावत सुटतो. घरी जात नाही. कुणाच्या डोळ्यांवर कुर्ता पडत नाही. ज्याला सूरह माहीत आहे त्यालाच ही उणीव जाणवेल, आणि लेखकाने ती त्याच्यासाठीच ठेवली आहे. हे तिने पाने दाखवून मांडले.

सेमिनारच्या आदल्या रात्री दुल्हाभाई तिला म्हणाले, "कुरआनची गोष्ट कादंबरीच्या तासाला काढतेस. बेअदबी होऊ देऊ नकोस." इतकेच. ह्या वेळी कव्हर घातले नाही, कारण पुस्तकाचे नाव जन्नत होते.

त्या दिवशी वर्ग पुन्हा तिच्याकडे बघत होता. पण आता ती निबंध वाचत होती म्हणून. तिने दोन्ही ग्रंथांतली ती ठिकाणे उतरवून नेली होती. एका ख्रिस्ती मुलीने सांगितले की संडे स्कूलमध्ये आम्हाला रंगीबेरंगी अंगरखा तेवढा शिकवला, हातात राहिलेल्या वस्त्राचे कुणी बोललेच नाही. मग त्या दोघींचेच पंधरा मिनिटे चालले. "तुमच्यात" हा शब्द आला, पण आता तो दोन्हीकडून येत होता. प्राध्यापकांनी दोन ठिकाणी खोडून काढले. जुलेखाचा व्रण हा मुद्दा तिने नीट हाताळला नव्हता, आणि तो खरोखर अवघड आहे. गुण बरे मिळाले, फार नाही. आम्हाला वाटले होते त्याहून कमीच.

आणि एका मुलाने प्रश्न विचारला. तोच मुलगा, ज्याचा मोहसिन हमीदवर निबंध होता. "तिसरा कुर्ता लेखकाला देता आला असता. त्याने का दिला नाही?" भाचीला उत्तर आले नाही. घर सोडून गेलेल्या माणसाने लिहिलेय म्हणून, असे काहीतरी ती म्हणाली, पण ते पानावर बोट ठेवून दाखवता येत नव्हते, म्हणून तिने मागे घेतले.

पेपर बदलण्याची मुदत मध्येच कधीतरी निघून गेली. आम्ही तो विषय काढला नाही, तिनेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आपाकडे गेलो होतो. जेवणे झाली आणि दुल्हाभाईंनीच विचारले, "त्या पोराचं पुढे काय झालं? कर्जात दिलेल्या?" भाचीने सगळी गोष्ट सांगितली, दख्खनीत. अझीझ, खलील, आणे, रेहन, बाग, कुर्ता. रेहन म्हणताच दुल्हाभाईंनी मान खाली घातली. दादी कोपऱ्यात तसबीह ओढत होती, आम्हाला वाटले तिचे लक्ष नाही. भाची शेवटाला आली, फौज आली, मुलगा धावत सुटला. बस, इथे पुस्तक संपते, ती म्हणाली.

तसबीह थांबली.

"बाप से मिल्याच नै?" दादीने विचारले.

"नाही, दादी."

दादी थोडा वेळ नातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो फिर किस्सा खतम हुआ कैसा बोलती?"

भाची उठून आत गेली आणि वही घेऊन आली.